नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' या दोन प्रयोगांत अंतर केवळ वचनाचें. पण पहिल्यानें बारसें होतें आणि दुसऱ्यानें निंदा. नागरी हक्कांसाठीं झगडणाऱ्यांना जीं नांवें मिळालीं त्यांचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे या दोन क्रिया एकमेकींत किती मिसळल्या आहेत तें ध्यानांत येतें.

इंग्लंडांत स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून चळवळ करणाऱ्यांना 'सफ्रेजिस्ट' म्हणत. 'सफ्रेज' म्हणजे मत, आणि त्याचें मूळ लॅटिनमध्यें आहे. १९०३ सालीं एमेलिन पँकहर्स्ट यांनीं मँचेस्टर येथें अधिक जहाल अशी संस्था काढली. तींतील स्त्रियांस १९०६ सालीं 'डेली मेल' पत्रानें 'सफ्रेजेट' म्हटलें. 'सिगार'ची 'सिगारेट' करणारा हा प्रत्यय लहानपणा दाखवितो; हेतु उघड उपहासाचा होता. त्या स्त्रियांनीं मात्र तेंच नांव उचललें, आणि १९१२ सालीं आपल्या पत्रासही 'द सफ्रेजेट' हेंच नांव दिलें.

त्याच १९०६ सालीं ट्रान्सवालांतील हिंदी लोकांनीं सक्तीच्या नोंदणीच्या नियोजित कायद्याविरुद्ध जोहान्सबर्ग येथें ११ सप्टेंबर रोजीं शपथ घेतली. त्यांच्या लढ्याला आरंभीं 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हें उसनें इंग्रजी नांव होतें. तें दुर्बळांचें हत्यार समजलें जाई, म्हणून गांधींस तें पटेना. 'इंडियन ओपिनियन' पत्रांतून नवें नांव मागविण्यांत आलें. मगनलाल गांधींनीं 'सदाग्रह' सुचविलें आणि गांधींनीं त्याचें 'सत्याग्रह' केलें.

मराठी कानाला या शब्दाची गोडी लवकर कळते. आमच्याकडे आग्रह होतो तो पंक्तींत. नको नको म्हणतां पानांत आणखी एक जिलबी पडते. त्यांत हट्ट असतो, पण वैर नसतें. मात्र त्याच पंक्तींत कोणास बसूं द्यावयाचें नाहीं हेंही आम्हींच ठरवून ठेविलें होतें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं केला, महाडच्या नगरपालिकेनेंही तो मानला. तरी चवदार तळें अस्पृश्यांस बंदच राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह तेथें पाणी घेतलें. त्याच डिसेंबरांत हे लोक महाडास पुन्हां जमले, ते 'सत्याग्रही' म्हणून. तळ्याचा दावा पुढें दहा वर्षें चालला, आणि १९३७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो त्यांच्या बाजूनें निकालांत काढला.

ज्यांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनींच ठेविलीं होतीं, त्यांनीं या वेळीं आपलें नांव आपण घेतलें होतें. म्हणून अशा शब्दाची व्युत्पत्ति पाहतांना धातु आणि प्रत्यय सांगून थांबूं नये. तें नांव कोणीं ठेविलें आणि कोणीं घेतलें, हेंही विचारावें, असें आम्हांस वाटतें.