वाघोलीचा निळा स्फटिक

दगडखाणीत सुरुंग उडाला की आपल्या डोळ्यांपुढे खडी येते. पण पुण्याजवळ, नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणींत खडीसाठी फोडलेल्या दगडानेच एका दुर्मिळ खनिजाचे उत्कृष्ट नमुने जगाला दिले. त्या खनिजाचे नाव कॅव्हन्साइट.

हे नाव आले कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांवरून. खनिज प्रथम सापडले ते अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, १९६०च्या दशकात. स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे यांनी १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच निबंधात पेंटागोनाइट हे दुसरे खनिजही नोंदवले होते. दोन्हींचे रासायनिक सूत्र एकच. अणूंची मांडणी मात्र निराळी. हिरा व ग्रॅफाइट यांच्या जोडीबरोबर हे उदाहरणही आपल्याला वर्गात सांगता येईल.

ऑरेगनमधील स्फटिक अगदी बारीक होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीत मात्र सेंटिमीटरभर आकाराचे गर्द निळे गुच्छ मोठ्या संख्येने मिळाले आणि जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले.

निळा रंग पाहिला की आपल्याला मोरचूद आठवते आणि तांब्याची शंका येते. येथे तांबे नाही. हा रंग व्हॅनेडियमचा. शिवाय स्फटिकाच्या रचनेत पाणीही सामावलेले असते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला. त्यात पोकळ्या व भेगा राहिल्या. पुढे त्यांतून खनिजे विरघळलेले उष्ण पाणी झिरपले आणि स्टिल्बाइट, कॅल्साइट यांसारखे स्फटिक वाढले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला निळा कॅव्हन्साइट ही वाघोलीची ओळखच झाली.

पण ज्या सुरुंगाने हे स्फटिक उजेडात आणले, त्यानेच कित्येकांचा चुराही केला असणार. कॅव्हन्साइटचा कठीणपणा मोह्‌सच्या मापनश्रेणीवर ३ ते ४ इतकाच. चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो. क्रशरपुढे त्याचा काय टिकाव लागणार?

जे वाचतात, त्यांचेही निम्मे महत्त्व पुष्कळदा हरवते. कोणती खाण, कोणता थर, शेजारी कोणते खनिज, हे लिहून ठेवले नाही तर उरतो केवळ एक शोभेचा दगड. म्हणून शाळेच्या संग्रहात दगड ठेवताना आपण त्याच्या शेजारी एक चिठ्ठीही ठेवू या: स्थळ, तारीख आणि सोबतची खनिजे. तेवढ्या तीन ओळींनी त्या दगडाचा इतिहास शिल्लक राहील.