पाकिटातला तिळगूळ

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की आमच्या नगर जिल्ह्यात पोस्टमनच्या पिशवीत काही पाकिटं वाजायची. हलवलं की आत खुळखुळ. तुमच्या घरात कुणी पन्नाशीपुढचं असेल तर विचारा, त्यांना लगेच आठवेल. संक्रांतीचं भेटकार्ड: वर पतंग किंवा हलव्याची वाटी काढलेली, आत यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी आणि बटर पेपरच्या चिमुकल्या पुडीत काटेरी हलव्याचे पाच-सात दाणे. लाडू कुणी टाकायचं नाही, कारण पोस्टात पाकिटावर ठप्पा हाणला की लाडवाचा भुगा आणि पत्त्यावर तुपाचा डाग. हलवा टिकायचा. मुंग्या मात्र लागायच्या.

दिवाळीची कार्डं सगळीकडेच होती. पण खाऊची वस्तू सोबत गेल्याशिवाय ज्या शुभेच्छेला अर्थच नाही, असं कार्ड मला तरी दुसरं माहीत नाही. आणि संक्रांत बहुतेक वर्षी १४ जानेवारीलाच येते, त्यामुळे कार्ड नेमकं कधी पेटीत टाकायचं याचं गणित घरोघरी पाठ होतं.

छापील ग्रीटिंग कार्डाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला, सॉफ्टवेअरवाल्याला, हसूच आलं. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे नाताळात पत्रांचा ढीग साठला. प्रत्येकाला उत्तर लिहायला वेळ नाही. हा तोच माणूस, ज्याने १८४०ची एक पेनीची टपालसेवा उभी करायला हातभार लावला होता. म्हणजे पत्रांचा हा पूर थोडा त्याचाच उद्योग. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या आणि वर नाव भरायला मोकळी जागा ठेवली. टेम्प्लेट आणि व्हेरिएबल! जगातलं पहिलं छापील ख्रिसमस कार्ड हे मुळातच कष्ट वाचवायला काढलेलं फॉरवर्ड होतं. आपण ‘गुड मॉर्निंग’च्या गुलाबांना नावं ठेवतो, पण त्यांचं घराणं चांगलं पावणेदोनशे वर्षांचं आहे. गंमत म्हणजे त्या कार्डांत रंग मात्र हाताने भरलेले होते. कोलने त्यातलं एक आपल्या आजीला पाठवलं होतं, आणि २००१ साली लिलावात त्याला वीस हजार पौंडांहून जास्त किंमत आली.

आपल्याकडे १८५४मध्ये अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला. १८७८मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली आणि १८७९मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. या कार्डावर लोकांनी स्वतःचीच एक भाषा बसवली. कोपऱ्यांना हळद-कुंकू म्हणजे शुभवार्ता, कोपरा फाडलेला म्हणजे कुणीतरी गेलं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कार्ड हातात येताच निम्मी बातमी कळायची.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून होतं. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा इथलीच. तेव्हा नाताळ या शहराला जुना. अमेरिकेतल्या संडे स्कूलची मुलं वापरलेली ख्रिसमस कार्डं मागच्या बाजूला कोरा कागद चिकटवून परदेशातल्या मिशनांना पाठवत आणि तिथे ती शाळेतल्या पोरांना बक्षीस म्हणून मिळत. एकाची शुभेच्छा झाकून तिच्यावर दुसऱ्याची लिहायची. कागद वाया न घालवण्याची ही अक्कल आमच्या घरात मात्र कुठल्याही मिशनशिवाय आली होती.

आता थोडं टपालाच्या दरांबद्दल. कंटाळवाणं वाटेल, पण खरी गोम इथे आहे. छापील कार्ड उघड्या पाकिटात घालून वर ‘बुक पोस्ट’ लिहिलं की तिकीट कमी लागायचं. तेच पाकीट चिकटवून बंद केलं, किंवा आत पत्रासारखा मजकूर लिहिला, की पत्राचा पूर्ण दर. म्हणजे छापील शब्द स्वस्त आणि स्वतःचे शब्द महाग. सिस्टिम जशी बांधाल तशी माणसं बोलतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला कामाच्या ठिकाणीही मिळालेलं नाही.

मग घरी कार्ड करून, पाकीट बंद करून जास्तीचं तिकीट लावायचं कशाला? हौस म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. पोस्टकार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, ओट्यावर सासरे मोठ्याने वाचणार, सांगितलेलं उत्तर दीर लिहून देणार. बंद पाकीट एरवी सुनेच्या नावाने आलं तर घरात भुवया उंचावायच्या. पण संक्रांतीचं पाकीट आलं तर कुणालाच काही वाटायचं नाही, कारण आत तिळगूळ आहे हे वाजवून कळायचं. निदान आमच्या आजीने तरी हे बरोबर हेरलं होतं.

(आपलं लिहिणं दुसराच कुणी आधी वाचणार, हे दुःख फक्त सुनांचं नव्हतं. १९४२मध्ये नगरच्या किल्ल्यात ठेवलेल्या मौलाना आझादांनी मित्राला अशी पत्रं लिहिली, जी पाठवली जाणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. १९४६मध्ये त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं. नेहरूंनीही तिथे लिहिलेलं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ किल्ल्यातल्या सोबत्यांनाच अर्पण केलं आहे. सहकाऱ्यांसाठी हाताने केलेली भेट म्हणायची तर ही फारच जाड झाली.)

आजी राहुरी तालुक्यातली, प्रवरेच्या कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती असलेल्या घरात दिलेली. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशीआजी, पारनेरच्या कोरडवाहू भागात. दोघी चौथीपर्यंत शिकलेल्या. दरवर्षी एकमेकींना कार्ड. आजीच्या पत्र्याच्या पेटीत बहिणीची एकवीस कार्डं आहेत. पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकेचा, पाठकोरी बाजू वर. काडेपेटीवरचं चित्र कापून लावलेलं. रंग कुंकवाचा, हळदीचा, शाईचा. चिकटवायला कणकेची खळ. वर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आणि मजकूर भलतीकडेच: पाकिटाच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या घडीखाली, पेन्सिलने. ‘बाळ पोटात राहिलं नाही.’ ‘आईचं डोळ्याचं काय झालं.’ ‘ह्यांना बोलू नको, पण वीस रुपये.’ कार्ड सगळ्या घराने पाहायचं, पाकीट जपून फक्त बहिणीने फाडायचं.

वर्षं क्रमाने लावली तर १९७३चं कार्ड नाही. १९७२च्या दुष्काळाबद्दल तुम्ही शाळेत दोन ओळी वाचल्या असतील. पारनेर हा तर एरवीही पावसाला मुकलेला तालुका. राज्यभर खडी फोडायची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं निघाली. १९७३च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. मावशीआजी त्यांतली एक. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी धड थापली जायची नाही. या काळावर अहवाल आहेत, आकडे आहेत. त्या आकड्यांत मावशीआजी एक आहे, एवढंच.

१९७४चं कार्ड आलं. पाऊस पडून गेला होता, पण घरात तीळही नव्हते आणि साखरही. पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने खळीने मिलोचे तीन लाल दाणे चिकटवले होते, आदल्या उन्हाळ्यातले, जपून ठेवलेले. वर नेहमीचीच ओळ, गोड बोला. आणि त्या वर्षी पाकिटाच्या आत काहीच लिहिलेलं नाही. मी ते दिव्यासमोर धरून पाहिलं.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. १९७९मध्ये आर्चीज सुरू झालं, नव्वदीत तालुक्याच्या गावातही कार्डांची दुकानं आली, उघडल्यावर गाणं वाजवणारी कार्डं आली, आणि मग मोबाइलने ती सगळी गिळली. बुक पोस्टचं गणितही उलटलं: छापील शुभेच्छा फुकट झाली आणि ‘हँडमेड’ असा शिक्का असलेला जाड, खडबडीत कागद बुटिकमध्ये शंभर-दीडशे रुपयांना जाऊन बसला. मी दर जानेवारीत टीममधल्या नऊ जणांसाठी कुरिअरच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची कार्डं करतो. चेन्नईच्या सहकाऱ्याने पहिल्या वर्षी हलवा कार्डाचा भाग समजून तसाच ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मार्चपर्यंत मुंग्यांनी त्याला समजावलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी ती एकवीस कार्डं स्कॅन करायला घेतली. आजी शेजारी बसून कुठलं कार्ड कुठल्या वर्षाचं ते सांगत होती. तारीख फारच थोड्यांवर आहे. चिकटवलेल्या दाण्यांमुळे स्कॅनरचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून शेवटी खिडकीपाशी धरून मोबाइलनेच फोटो काढले. चौऱ्याहत्तरच्या कार्डावरचे दोन दाणे किडीने पोखरून पोकळ केले आहेत, नुसतं टरफल उरलंय. तिसरा अजून शाबूत आहे. आजी म्हणाली, फोटो काढलास ना, आता ते पाकिटात घाल आणि झाकण आतल्या बाजूला दुमड, चिकटवू नको.