इंग्रजी गंधवाचक शब्द, प्राचीन

इंग्रजी भाषेतील गंधवाचक शब्दांचा संग्रह एका काळी व एका हाताने घडलेला नाही. अँग्लो-सॅक्सनांची मूळ बोली, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबारातून खाली उतरलेली फ्रेंच, मठांतील लॅटिन आणि पूर्वेकडील जिनसांबरोबर बंदरांत उतरलेले अरबी-फारसी शब्द, अशा चार थरांनी तो बनलेला असून, त्यांतील जुन्या शब्दांचा मागोवा घेतला असता असे आढळते की, आज निव्वळ शौकाचे मानले जाणारे सुगंधद्रव्य इंग्लंडात दीर्घकाळ धुराचा आणि औषधाचा विषय होते.

मूळ इंग्रजीत ‘स्टेंच’ या नामाचा अर्थ नुसता वास एवढाच असे. तो फुलाचा असो वा मढ्याचा, भेद करण्याचे काम विशेषणाकडे सोपविलेले होते. त्याच धातूचे ‘स्टिंक’ हे क्रियापदही तितकेच निःपक्षपाती होते. पुढे फ्रेंचमधून ‘ओडर’ आणि ‘सेंट’ आले, बाराव्या शतकाच्या सुमारास ‘स्मेल’ लिखाणात दिसू लागला, आणि या नवागतांनी मानाच्या जागा अडविल्यावर जुन्या घराण्याकडे दुर्गंधाची तेवढी जहागीर उरली. दुधाला वास येतो असे म्हटल्यावर तो कसला हे आपल्याकडेही कोणी विचारीत नाही. ‘सेंट’ मात्र मुळात अत्तरवाल्याचा नव्हे, शिकाऱ्याचा शब्द; कुत्रे ज्याच्या आधाराने सावजाचा माग काढीत तो हा वास. त्याच्या लेखनातील अनुच्चारित ‘सी’ हे अक्षर सतराव्या शतकात व्युत्पत्तीचा काहीएक आधार नसताना घुसले व कायम झाले.

धुराचे शब्द याहून बोलके आहेत. ‘रीक’ म्हणजे मूळचा धूर. त्यापासूनच देवळातील धूपाला अँग्लो-सॅक्सन लोक ‘रेकेल्स’ म्हणत, आणि एडिंबरो शहराचे ‘ऑल्ड रीकी’ हे लाडके नाव त्याच्या धुराड्यांची आठवण अद्याप वागवीत आहे. ‘फ्यूम’ हा लॅटिन ‘फूमुस’पासून निघाला असून, हा फूमुस आणि संस्कृत ‘धूम’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळाचे वंशज होत. ‘परफ्यूम’चा धात्वर्थ धुराने व्यापून टाकणे असा असल्यामुळे, सोळाव्या शतकातील इंग्रज गृहस्थ खोली ‘परफ्यूम’ करी तेव्हा तो अत्तर शिंपडीत नसून, बाळंतिणीच्या खोलीत आपण ओवा-वावडिंगाची धुरी देतो तशी, साथीच्या भयाने धुरी देत असे. दूषित हवेतूनच रोग उद्भवतो अशी वैद्यांची पक्की समजूत असल्याने हा सारा सरंजाम वाढला.

त्या सरंजामातील प्रमुख वस्तू ‘पोमँडर’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘अंबराचे सफरचंद’ असा याचा अर्थ आहे. अंबर, कस्तुरी, जवादी, ऊद इत्यादी द्रव्ये डिंकात मळून केलेली गोळी, आणि पुढे तिच्यासाठी घडविलेली चांदीची डबी, या दोहोंसही हेच नाव पडले. उंची डबी वरची कडी सैल केली की संत्र्याच्या फोडींप्रमाणे उलगडे, आणि प्रत्येक फोडीच्या सरकत्या झाकणावर आतील द्रव्याचे नाव कोरलेले असे. कार्डिनल वूल्झी गर्दीतून जाताना गर काढलेल्या संत्र्यात औषधी शिरका शोषलेला स्पंज भरून ते नाकाशी धरी, असे त्याच्या पदरी असलेल्या जॉर्ज कॅव्हेंडिशने नमूद केले आहे. सच्छिद्र झाकणाच्या ‘पाउन्सेट-बॉक्स’चा उल्लेख शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात आहे. रणभूमीवर ती हुंगणाऱ्या छानछोकी दरबाऱ्याचा हॉटस्परला जो संताप येतो तो वाचण्याजोगा आहे.

द्रव्यांची नावे बहुतेक पूर्वेची. ‘मस्क’ फारसी ‘मुश्क’मार्गे संस्कृत ‘मुष्क’ म्हणजे वृषण या शब्दापर्यंत पोहोचतो. ‘सिव्हेट’ आणि आपली ‘जवादी’ ही दोन्ही अरबी ‘झबाद’ची रूपे होत. मांजरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा हा स्राव शौकिनांना इतका प्रिय होता की, डॅनियल डिफो या कादंबरीकाराने, लेखक म्हणून नावारूपास येण्यापूर्वी, ७० जवादी मांजरे विकत घेऊन धंदा मांडला, आणि १६९२ साली त्याचे दिवाळे वाजले. ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, या अरबी नावाची मोडतोड होत होत इंग्रज वाण्याच्या तोंडी ते ‘बेंजामिन’ झाले. एखाद्या भल्या माणसाचे वाटावे असे हे नाव आपल्या उदाचे आहे. अत्तराला जुने इंग्रज व्यापारी ‘ओटो’ म्हणत.

अनिष्ट धूमांची नावेही ध्यानात घेण्याजोगी आहेत. जॉन एव्हलिनने १६६१ साली ‘फ्यूमिफ्यूजियम’ हा प्रबंध दुसऱ्या चार्ल्सला सादर करून, दगडी कोळसा जाळणारे साबणवाले, रंगारी व चुनाभट्टीवाले यांना लंडनबाहेर हलवावे आणि भोवतालच्या शेतांत पांढऱ्या-पिवळ्या जाईसारखी सुवासिक झुडपे लावावीत, अशी तजवीज सुचविली. राजाने ती पसंत केली, कायद्याचा मसुदाही करावयास सांगितला, आणि प्रकरण तेथेच राहिले. पोटातून मेंदूकडे चढणाऱ्या वाफांना वैद्य ‘व्हेपर्स’ म्हणत. अठराव्या शतकात खानदानी स्त्रियांच्या खिन्नतेस हेच नाव देण्याची रीत पडली. खाणकामगारांची परिभाषा याहून रोखठोक. ‘डँप’ म्हणजे त्यांच्या लेखी ओल नव्हे, वायू: पेट घेणारा तो ‘फायर-डँप’, गुदमरविणारा ‘चोक-डँप’, स्फोटानंतर उरणारा ‘आफ्टर-डँप’, कुजक्या अंड्यासारखा घाण मारणारा ‘स्टिंक-डँप’. यांपैकी पहिल्यास मुळात वासच नसतो, आणि म्हणूनच दिव्याच्या ज्योतीभोवती दिसणाऱ्या निळसर कडेवरून तो ओळखावा लागे. हंफ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा सुरक्षादीप सिद्ध केला तो याच वायूसाठी.