माप कोणाच्या हाती, नोंद कोणाच्या हाती?

ग्राहकाने स्वतःच वस्तूंची नोंद करावी, स्वतःच बिल करावे आणि स्वतःच पैसे भरून दुकानाबाहेर पडावे, या व्यवस्थेला 'सेल्फ-चेकआउट' म्हणतात. महानगरांतील काही मोठ्या दुकानांमधून ती आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. तिची चर्चा बहुधा सोय आणि वेग या दोनच अंगांनी होते. आम्हांला मात्र तिच्यात एक जुना ऐतिहासिक प्रश्न दिसतो. व्यवहारात माप कोणाच्या हाती आहे आणि नोंद कोणाच्या हाती आहे, हा तो प्रश्न होय. धरमतर खाडीच्या परिसराने तो फार पूर्वीच अनुभवला आहे.

अंबा नदीच्या मुखाशी असलेली ही खाडी म्हणजे पेण-अलिबागच्या खारेपाटाची जीवनरेषा. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून येणारी आगबोट धरमतरला लागे आणि पुढचा प्रवास रस्त्याने होई. या भागाचे मुख्य पीक भात, आणि भाताचा व्यवहार मापाने चाले. चार शेरांची एक पायली, वीस मणांची एक खंडी. परंतु माप सपाट भरायचे की त्यावर शीग चढवायची, हे कोष्टकात लिहिलेले नसे. ते भरणाऱ्याच्या हातावर, म्हणजेच त्याच्या अधिकारावर अवलंबून असे. 'शिगोशीग' आणि 'मापात पाप' हे शब्दप्रयोग मराठीत अलंकार म्हणून आलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांत साठला आहे.

मापाइतकाच नोंदीचा प्रश्न महत्त्वाचा होता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने खतांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ज्या कागदाने आपण बांधले गेलो तो आपल्याला वाचता येत नाही आणि त्याची प्रतही आपल्याजवळ नाही, हे त्या रोषाचे एक मूळ होते. पुढे 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. नोंदीची एक प्रत दुबळ्या पक्षाच्या हाती असावी, हे तत्त्व त्या कायद्यात मान्य झाले.

धरमतरच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यातील चरी परिसरात हाच संघर्ष वेगळ्या रूपात उभा राहिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील कुळांनी 1933 पासून 1939 पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. खंड भाताच्या रूपाने द्यायचा आणि खोताने लिहून घेतलेल्या कबुलायतीवर अंगठा उठवायचा, ही रीत त्यांनी नाकारली. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागेही कोकणातील याच कुळांचे दुःख होते.

स्वातंत्र्यानंतर मापाचा अधिकार व्यक्तीकडून संस्थेकडे नेण्याचे प्रयत्न झाले. मुंबईत नायगावला 1948 साली 'अपना बाजार' ही सहकारी चळवळ उभी राहिली. 1956 च्या कायद्याने देशभर दशमान वजने-मापे आली आणि वजनावर सरकारी छाप आवश्यक ठरली. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. वाण्याचा काटा तपासण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, ही जाणीव या सगळ्यातून रुजली.

याच काळात दुकानाचे रूप दुसऱ्या दिशेनेही बदलत होते. 1916 साली अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान उघडले. तेथे ग्राहक प्रथमच फळ्यांमधून फिरून स्वतः वस्तू उचलू लागला. मात्र बाहेर पडताना त्याला रोखपालासमोरूनच जावे लागे. 26 जून 1974 रोजी ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरील बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. 1986 मध्ये अटलांटाजवळच्या एका क्रोगर दुकानात डेव्हिड हम्बल यांचे सेल्फ-चेकआउट यंत्र बसले. सत्तर वर्षांत वस्तू शोधणे, उचलणे आणि अखेरीस तिचा हिशेब करणे ही दुकानातील नोकराची कामे टप्प्याटप्प्याने ग्राहकाकडे आली. त्यांची मजुरी मात्र त्याच्याकडे आली नाही.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. काम ग्राहकाच्या हाती आले म्हणून माप त्याच्या हाती आले असे होत नाही. किंमत यंत्रात आधीच भरलेली असते, पिशवीचे वजन यंत्र पडताळते, वर कॅमेरा असतो. जुन्या बाजारात गिऱ्हाईक दुकानदारावर संशय घेई. येथे संशयाची दिशाच उलटते. काम करणारा तोच आणि पहाऱ्यात असणाराही तोच, अशी ग्राहकाची स्थिती होते. 2023 साली ब्रिटनमधील 'बूथ्स' या दुकानसाखळीने आपल्या बहुतेक दुकानांतून ही यंत्रे काढून टाकली, यावरून या व्यवस्थेचा प्रवास एकाच दिशेने होणार असे मानण्याचे कारण नाही, हे स्पष्ट होते.

पेण-वडखळच्या बाजारात अशी यंत्रे नसली तरी 2016 साली आलेल्या यूपीआयमुळे क्यूआर चौकोन किरकोळ विक्रेत्यांपर्यंत पोहोचला आहे. ग्राहक स्वतः रक्कम भरतो आणि विक्रेता यंत्राचा आवाज ऐकून खात्री करतो. पण तेथे दोन्ही माणसे समोरासमोर असतात. चूक झाली तर बोलता येते, 'वर थोडे घाला' म्हणता येते. शीग मागण्याची ही जागा यंत्रापुढे उरत नाही.

आम्ही यंत्राला विरोध करत नाही. सरकारी छाप असलेले वजन हीदेखील एका अर्थी यंत्राचीच देणगी होती, आणि ती दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली. सेल्फ-चेकआउटलाही तीच कसोटी लावावी. पडदा मराठीत आहे काय? छापील बिल मागता येते काय? ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी गल्ल्यावर माणूस ठेवला आहे काय? यंत्राची चूक दाखवून देता येते काय? सुप्याच्या शेतकऱ्याने आणि चरीच्या कुळाने मागितले ते याहून फार वेगळे नव्हते. आपल्या नावावर लिहिलेला हिशेब आपल्याला वाचता यावा आणि तो चुकीचा असेल तर तसे म्हणता यावे, एवढीच त्यांची मागणी होती.