१४. बोहेमियाच्या राजकन्येची शंका

एलिझाबेथ (१६१८–१६८०), बोहेमियाचे राज्य गमावलेल्या फ्रेडरिक पाचव्याची थोरली मुलगी. कुटुंब तेव्हा हेगमध्ये आश्रयाला होते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मते मन व शरीर ही दोन वेगळी द्रव्ये. शरीर जागा व्यापते, मन व्यापत नाही. मे १६४३च्या पत्रात तिने त्याला विचारले की, वस्तू हलवायची तर तिला स्पर्श करून ढकलावे लागते. मग ज्याला आकारमानच नाही ते मन शरीराला हलवते कसे? देकार्तने वजनाचा दाखला दिला : दगड खाली येतो, पण वजन त्याला मागून ढकलत नाही. तिला ते पटले नाही. त्यापेक्षा मनच भौतिक आहे असे मानणे सोपे, असे तिने जूनमध्ये उलट कळवले. १६४९च्या ग्रंथात देकार्तने मेंदूच्या मध्यावरील पिनिअल ग्रंथी पुढे केली. मेंदूचे इतर भाग जोडीने, ही मात्र एकच, हे त्याचे कारण. यातून मन-शरीराच्या भेटीची जागा कळली, रीत नाही. लेखकाने मूळ मजकुरात एलिझाबेथला नुसती ‘शिष्या’ म्हटले आहे, ते अपुरे वाटते. देकार्तने १६४४चा आपला ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ तिलाच अर्पण केला होता. — संपा.