अमेरिकी रुग्णालये आणि अफूजन्य व्यसनावरील औषधोपचार

अमेरिकेत 1914 च्या हॅरिसन कायद्याने अफू व कोकापासून बनणाऱ्या पदार्थांच्या व्यवहारावर नोंदणी आणि कर लादला, तरी वैद्यकीय व्यवसायाच्या मर्यादेत ते देण्याची डॉक्टरांची मुभा कायम ठेवली होती. मात्र व्यसनी माणसाला सवय टिकवण्यापुरते मॉर्फिन देणे हा वैद्यकीय उपचार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1919 मध्ये वेब खटल्यात दिला आणि खटल्याच्या धास्तीने डॉक्टरांनी या रुग्णांपासून अंग काढून घेतले. काही शहरांनी चालवलेले दवाखानेही लवकरच बंद पडले आणि व्यसनोपचार सर्वसाधारण वैद्यकापासून तुटला.

1964 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मारी नायस्वँडर यांनी हेरॉइनच्या व्यसनींना मेथाडोन देण्यास आरंभ केला. हे अफूसारखेच परिणाम करणारे कृत्रिम औषध तोंडावाटे घेता येते आणि त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे दिवसातून एका मात्रेने नशा तुटल्यावर होणारी तडफड व ओढ दोन्ही शमतात. 1974 च्या कायद्याने हा उपचार स्वतंत्र नोंदणी असलेल्या केंद्रांपुरता मर्यादित केला. तथापि अन्य आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णाला रुग्णालयाने असे औषध देण्यास नियमांत सवलत होती. ती पुरेशी वापरली गेली नाही, कारण व्यसन हे आपले काम नव्हे ही धारणा रुग्णालयांत रुजली होती; परिणामी दूषित सुईमुळे हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेल्या रुग्णाला प्रतिजैविके मिळत, पण संसर्गाच्या मुळाशी असलेले व्यसन तसेच राही.

2000 च्या कायद्याने पात्र डॉक्टरांना आपल्या दवाखान्यातून उपचार करण्याची वाट मोकळी केली आणि 2002 मध्ये ब्युप्रेनॉर्फिनला त्यासाठी मान्यता मिळाली. हे औषध शरीरातील अफूचे ग्राही (रिसेप्टर) अंशतःच उद्दीपित करते, म्हणून श्वास मंदावण्याचा धोका कमी राहतो. तरीही ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना आठ तासांचे प्रशिक्षण व विशेष परवाना आवश्यक होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील अभ्यासात 139 दाखल रुग्णांपैकी एका गटाची ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा काही दिवसांत उतरवत थांबवली गेली, तर दुसऱ्या गटाचा उपचार खाटेवरच सुरू करून त्याला बाह्यरुग्ण विभागाशी जोडले गेले. दुसऱ्या गटातील सुमारे 72 टक्के, तर पहिल्यातील सुमारे 12 टक्केच रुग्ण पुढील उपचारात दाखल झाले.

डिसेंबर 2022 मध्ये विशेष परवान्याची अट रद्द झाली. परंतु व्यसनासाठीचे मेथाडोन सामान्य औषधविक्रेत्याकडे अद्याप मिळत नसल्याने, रुग्णालयात सुरू झालेला उपचार टिकणे हे घरी गेलेल्या रुग्णाला जवळचे केंद्र गाठता येते की नाही यावर अवलंबून राहते.