प्रिय आजीबाई

‘या केकमध्ये अंडं आहे का?’ हा प्रश्न परदेशात आल्यावर तुमच्यापैकी अनेकांनी विचारला असेल. मीही विचारलाय, आणि यजमानीणबाईंचा उतरलेला चेहरा पाहून ओशाळलेही आहे. पण याच अंड्यावरून इंग्लंडात १८८४ च्या सुमारास चांगली कडक पत्रापत्री झाली होती, हे पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार हाती येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला पोचल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. पतीला जाऊन वर्ष उलटलेलं, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीती’च्या विक्रीचे पैसे कामी आले. पुण्यात ओळख झालेल्या ख्रिस्ती जोगिणींच्या वाँटेजमधल्या मठात त्या उतरल्या. ठरलं होतं ते असं, की रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचं आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच तिथे जीवन संपवलं. त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर व्हायचा बेतही कमी ऐकू येत असल्यामुळे सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या एकीकडे शिकू लागल्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवू लागल्या.

आणि तिथून वाँटेजला पत्रं जाऊ लागली, सिस्टर जेराल्डिनना. या जोगीणबाई रमाबाईंच्या धर्ममाता. पत्र इंग्रजीत, पण मायना ‘आजीबाई’! नुकत्याच शिकलेल्या परक्या भाषेत हा एक घरचा शब्द.

आजीबाई मायाळू होत्या, आणि हट्टीही. धर्म बदलला तरी रमाबाई मांसाहार करत नाहीत, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खात नाहीत, हा त्यांना जातीचा ताठा वाटे. रमाबाईंनी उलट विचारलं, की एखादी इंग्रज बाई आमच्याकडे येऊन राहिली आणि कोणाला त्रास न देता आपल्या सवयींनी जगली, तर तिला आम्ही गर्विष्ठ म्हणायचं का? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असाही वाद झाला. एवढ्याशा क्रुसावरची अक्षरं ती, पण मला हा वाद मुळीच क्षुल्लक वाटत नाही. आपलं नाव समोरच्याला सोपं जावं म्हणून अर्धं कापून सांगणाऱ्यांनी तर या पत्राजवळ जरा थांबावं.

सगळ्यात मोठा खटका उडाला तो शिकवण्यावरून. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना वाटलं. त्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत विचारलं गेलं. त्यांनी विरोध केला, कारण काय, तर अशाने परत गेल्यावर तिची प्रतिष्ठा राहणार नाही! ही तीच बाई, जिने कोलकात्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या होत्या. रमाबाईंनी लिहिलं, की माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांची हरकत होती ना नवऱ्याची, ती इंग्रजांना आहे याचं नवल वाटतं.

मात्र सगळ्यात हळवी पत्रं मनोरमेविषयीची. मठात राहणाऱ्या चिमुरडीला कोणती प्रार्थना शिकवायची, कोणते सिद्धान्त सांगायचे, हे कोण ठरवणार? बाप्तिस्मा घेतला तरी चर्चची सगळीच मतं रमाबाईंना पटत नव्हती, आणि जे आईला पटत नाही ते मुलीच्या गळी उतरवू नका, हे त्यांनी स्पष्ट बजावलं. लक्षात घ्या, मायलेकींचं छप्पर आणि जेवणखाण याच लोकांच्या भरवशावर होतं. मुलांना परदेशी पाळणाघरात सोडून कामावर धावणाऱ्या आयांना या पत्रांतली धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला निघाल्या. मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ होता. आजीबाईंशी पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला.

ही सगळी पत्रं १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापली गेली, ती शिल्लक होती म्हणून. जमवून, नीट लावून ठेवली होती सिस्टर जेराल्डिननीच. ज्यांत त्यांनाच खडे बोल सुनावले होते, तीसुद्धा.